'सेल्समन पाहिजे'ची पाटी उतरवायची असेल तर

माननीय संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

सणांचे दिवस जवळ आले की लक्ष्मी रस्त्यापासून दादरच्या रानडे रोडपर्यंत दुकानांच्या काचांवर 'सेल्समन पाहिजे', 'बिलिंगसाठी मुली पाहिजेत' अशा पाट्या लागतात. काही दुकानांत तर ही पाटी वर्षभर उतरत नाही. माणसं मिळत नाहीत, मिळाली तर टिकत नाहीत, ही तक्रार किराणा सुपरमार्केटपासून साड्यांच्या पेढीपर्यंत सगळीकडे ऐकू येते. त्यावर सरकारकडून आलेला उपाय तासांचा आहे. २०१७ च्या दुकाने व आस्थापना कायद्यात रोजच्या कामाची मर्यादा नऊ तासांची आणि तिमाहीतल्या जादा कामाची १२५ तासांची होती. ती अनुक्रमे दहा आणि १४४ तासांवर नेण्याचा निर्णय राज्य मंत्रिमंडळाने २०२५ मध्ये घेतला. आहे त्याच माणसाला जास्त वेळ उभं करून ही अडचण सुटेल असं आम्हाला वाटत नाही. पगार वाढवणं आणि त्याच वेळी दुकानातलं काम नव्याने बांधणं, या दोन्ही गोष्टी जोडीने केल्या तर ती सुटते, आणि मालकाला त्यात तोटा होत नाही. हे हिशेबाने दाखवता येतं, म्हणून हे पत्र.

एक मध्यम सुपरमार्केट धरू. महिन्याची विक्री ८० लाख, ढोबळ मार्जिन (विक्री आणि खरेदी यांतला फरक) १४ टक्के, म्हणजे ११ लाख २० हजार. माणसं २४, सरासरी पगार १४ हजार, म्हणजे ३ लाख ३६ हजार. विक्रीच्या मानाने पगार सव्वाचार टक्क्यांच्या आतच आहे. भाडं, वीज, कार्डाचे आणि पिशव्यांचे खर्च, कर्जाचं व्याज हे सगळं उरलेल्या रकमेतून भागवायचं असतं. त्यामुळे मालकाला पगाराचा आकडा मोठा दिसतो आणि हात आधी तिथेच आखडतो. आता हाच पगार सरासरी साडेसतरा हजारांवर नेला, तर दरडोई साडेतीन हजारांप्रमाणे ८४ हजार वाढतात. त्यावर भविष्य निर्वाह निधी आणि ईएसआयमध्ये (कर्मचारी राज्य विमा योजनेत) मालकाचा वाढीव वाटा, बोनसची आणि ग्रॅच्युइटीची तरतूद धरली की महिन्याचा जादा बोजा एक लाखाच्या आसपास जातो. हा विक्रीच्या सव्वा टक्का झाला. प्रश्न एवढाच, की हा एक लाख परत कुठून येणार?

पगारवाढीची बाजू घेणारे पहिल्यांदा सांगतात, की माणसं सोडून जायची थांबतील आणि भरतीचा खर्च वाचेल. हे खरं आहे, पण एवढ्यावर हिशेब बसत नाही आणि ते मान्य केलं पाहिजे. समजा २४ पैकी १४ जण वर्षभरात सोडून जातात. नवा माणूस पहिला महिनाभर निम्म्या वेगाने काम करतो, जुन्या माणसाचे तास त्याला शिकवण्यात जातात, गणवेश नवा शिवावा लागतो, बिलिंगच्या चुका वाढतात. सगळं मिळून एका बदलीमागे १५ हजार धरा. वर्षाचे २ लाख १० हजार झाले, म्हणजे महिन्याला साडेसतरा हजार. सोडून जाणाऱ्यांची संख्या निम्म्यावर आली तरी हातात पडतात पावणेनऊ हजार. लाखाच्या बोजापुढे ही रक्कम थोडी आहे. ज्या मालकांनी नुसता पगार वाढवून पाहिला आणि सहा महिन्यांनी कंटाळून हात मागे घेतला, ते बहुतेक याच टप्प्यावर थांबले. खरी रक्कम पुढे आहे आणि ती टिकलेल्या माणसाच्या कामातून येते.

आधी घट, म्हणजे न विकताच गेलेला माल, पाहू. किराणा व्यवसायात घट म्हटलं की मालकाच्या मनात चोरी येते. प्रत्यक्षात बराच माल चोरीला न जाताच वाया जातो. दुधाचा किंवा ब्रेडचा नवा क्रेट पुढे लावला जातो, जुना मागे सरकतो आणि तिथेच त्याची तारीख उलटते. बारा पाकिटांचा बॉक्स एक नग म्हणून बिलात जातो. सुटी डाळ तोलताना दुसऱ्याच डाळीचा कोड दाबला जातो. कंपनीचा माणूस ४८ बॉक्सचं चलन देतो आणि उतरवताना ४६ च उतरतात, कारण मोजणारा त्याच वेळी काउंटरवर गिऱ्हाईक सांभाळत असतो. फ्रीजचं दार नीट लागत नाही आणि रात्रभरात पनीर, चीज खराब होतं. आठ दिवसांपूर्वी आलेल्या मुलाला यातलं काही कळणार नाही, आणि महिनाभरात सोडून जायचं ठरवलेल्याला कळूनही तो बोलणार नाही. ज्याच्याकडे तोच रॅक वर्षभर आहे त्याला मात्र कुठल्या कंपनीचा माल तारीख जवळ आलेला येतो, कुठला पुरवठादार मोजमापात कमी देतो आणि कुठल्या फ्रीजचं रबर सैल झालंय हे पाठ असतं. घट विक्रीच्या १.२ टक्क्यांवरून ०.८ टक्क्यांवर आली तर आपल्या उदाहरणात महिन्याला ३२ हजार वाचतात.

दुसरी गळती दिसत नाही म्हणून ती वहीत कधी लिहिली जात नाही. माल गोडाऊनमध्ये असतो, संगणक शिल्लक दाखवतो, पण मांडणीवर रिकामी जागा असते. गिऱ्हाईक दोन मिनिटं शोधतं, 'संपलंय' हे उत्तर ऐकतं आणि निघून जातं. संगणकाच्या दृष्टीने माल आहे, त्यामुळे नवी मागणी लागत नाही. मांडणीवर नाही, त्यामुळे विक्री होत नाही. ही कोंडी माणसानेच फोडावी लागते. अशी हुकलेली विक्री तीन टक्के धरली आणि तिच्यातली निम्मी परत मिळवली, तर १ लाख २० हजारांची विक्री वाढते आणि १४ टक्क्यांनी १६ हजार ८०० रुपये मार्जिन सुटतं. यात वस्तूंची संख्या कमी करण्याचा फायदा मिळवा (त्याविषयी पुढे लिहिलं आहेच). पडून राहिलेला दहा लाखांचा माल मोकळा झाला तर बारा टक्के दराने महिन्याचं दहा हजार व्याज वाचतं. आतापर्यंतची बेरीज साडेसदुसष्ट हजार झाली. उरलेले साडेबत्तीस हजार भरायला महिन्याला सुमारे २ लाख ३२ हजारांची जादा विक्री लागते. दिवसाला पावणेआठ हजार. सरासरी बिल सहाशेचं असेल तर रोजची तेरा बिलं. रोज साडेचारशे गिऱ्हाइकं येणाऱ्या दुकानात तेरा बिलं वाढणं अवघड नाही. मात्र ती आपोआपही वाढत नाहीत. प्रत्येक मालकाने या हिशेबात आपले आकडे घालून पाहावेत. मार्जिन, घट आणि सोडून जाणाऱ्यांचं प्रमाण दुकानागणिक बदलतं आणि उत्तरही त्याप्रमाणे बदलेल.

याच्या उलट, जाणती माणसं काढून पगार वाचवण्याचा प्रयोग किती महागात पडू शकतो याचं उदाहरण अमेरिकेतल्या सर्किट सिटी या इलेक्ट्रॉनिक वस्तूंच्या साखळीचं आहे. मार्च २००७ मध्ये कंपनीने दुकानांतल्या ३,४०० कर्मचाऱ्यांना काढलं. त्यांची चूक एवढीच, की त्यांचा पगार बाजारभावापेक्षा जास्त होता. दहा आठवड्यांनी कमी पगारावर पुन्हा अर्ज करायची मुभा त्यांना देण्यात आली. एका टीव्हीतला आणि दुसऱ्यातला, एका कॅमेऱ्यातला आणि दुसऱ्यातला फरक समजावून सांगणारी अनुभवी माणसं या एका निर्णयाने बाहेर गेली. नोव्हेंबर २००८ मध्ये कंपनीने दिवाळखोरीचा अर्ज केला आणि २००९ च्या मार्चपर्यंत दुकानं बंद झाली. त्या वेळी मंदी होती आणि कंपनीच्या इतर चुकाही होत्या, त्यामुळे सगळं खापर या एका निर्णयावर फोडता येणार नाही. पण जाणती माणसं खर्चाच्या रकान्यातून पुसली की ती विक्रीच्या रकान्यातूनही जातात, हे त्यातून स्पष्ट दिसतं.

दुसऱ्या टोकाला कॉस्टको ही सभासदांना माल विकणारी अमेरिकन दुकानसाखळी आहे. १९८३ मध्ये सिएटलमध्ये पहिलं गोदाम उघडलेल्या या कंपनीने वर्षानुवर्षं दोन नियम पाळले. ब्रँडच्या मालावर साधारण १४ टक्के आणि स्वतःच्या मालावर १५ टक्के यापेक्षा जास्त वाढ लावायची नाही, आणि दुकानात वस्तू ठेवायच्या फक्त चार हजारांच्या आसपास. अमेरिकेतलं नेहमीचं सुपरमार्केट तीस हजारांपर्यंत वस्तू ठेवतं. एवढ्या कमी मार्जिनवर चालणारी कंपनी पगारात काटकसर करेल असं कोणालाही वाटेल. पण अमेरिकेचं केंद्रीय किमान वेतन २००९ पासून ताशी सव्वासात डॉलरवर अडकलेलं असताना, कॉस्टकोच्या वरच्या टप्प्यातल्या बहुतेक कर्मचाऱ्यांचा दर २०२५ मध्ये ताशी तीस डॉलरच्या पुढे गेला. वर्ष पूर्ण केलेल्या कर्मचाऱ्यांपैकी दहा टक्केही दरवर्षी सोडून जात नाहीत. एका कर्मचाऱ्यामागे वर्षाला सात लाख डॉलरहून अधिक विक्री होते आणि पगार त्यातून सुटतो. वस्तू कमी, त्या थेट लाकडी पॅलेटवर मांडलेल्या, एकेक पाकीट काढून रॅकवर लावायचं काम जवळजवळ नाही; त्यामुळे प्रत्येक तासाला जास्त माल हलतो. इथे एक सावधगिरीची गोष्टही सांगायला हवी. कॉस्टकोच्या नफ्याचा मोठा भाग सभासद शुल्कातून येतो. आपल्याकडच्या दुकानाला ते शुल्क नाही, म्हणून पगाराचा आकडा तसाच उचलून आणता येणार नाही. उचलण्यासारखी गोष्ट आहे ती कामाची बांधणी.

स्पेनमधल्या मर्केडोना या सुपरमार्केट साखळीने २००८ नंतरच्या मंदीत माणसं कमी केली नाहीत. तिने शेकडो वस्तू यादीतून काढल्या, दर खाली आणले आणि कायम नोकरीवरच्या कर्मचाऱ्यांना धरून ठेवलं. वॉलमार्ट या अमेरिकन साखळीचा अनुभव वेगळ्या कारणाने महत्त्वाचा आहे. २०१५ च्या एप्रिलपासून तिने अमेरिकेतल्या दुकानांत किमान ताशी ९ डॉलर आणि २०१६ च्या फेब्रुवारीपासून १० डॉलर द्यायचं ठरवलं. ऑक्टोबर २०१५ मध्ये नफा घटणार असं कंपनीने सांगताच तिचा शेअर एका दिवसात दहा टक्के पडला. कंपनी मागे हटली नाही. पगारवाढीसोबत दुकानातल्या विभागप्रमुखांना शिकवण्यासाठी प्रशिक्षण केंद्रं काढली, आणि अमेरिकेतल्या तिच्या जुन्या दुकानांची विक्री वाढत राहिली. खर्च पहिल्या महिन्यात दिसतो, परतावा वर्ष-दीड वर्षाने. मधला काळ काढायची तयारी नसेल तर हा रस्ता धरूच नये.

आता आपल्या दुकानात काय करायचं, ते. सर्वांत आधी वस्तूंची यादी काढा आणि मागच्या सहा महिन्यांची विक्री तिच्यासमोर मांडा. साडेपाच-सहा हजार वस्तू ठेवणाऱ्या दुकानात तळातल्या दीड हजार वस्तू मिळून फारच थोडी विक्री करतात, पण मांडणीची जागा, मोजणीचा वेळ आणि तारखा तपासण्याचे कष्ट पूर्ण खातात. एकाच शाम्पूची सात मापं, हळदीचे नऊ ब्रँड, बिस्किटांचे न खपणारे स्वाद. त्या कमी करताना एकच काळजी घ्या. खप कमी असला तरी ज्या वस्तूसाठी गिऱ्हाईक मुद्दाम तुमच्याकडे येतं ती काढू नका. उपासाची भगर, राजगिरा, गौरी-गणपतीचं सामान, एखाद्या गावाकडचा मसाला, अशा वस्तू आकड्यांत कमी दिसतात, पण त्यांच्यासोबत मोठं बिल येतं. संगणकाच्या यादीवर आंधळेपणाने लाल रेघ मारली की हीच चूक होते. काउंटरवरच्या जुन्या माणसाला विचारून मग रेघ मारा.

नंतर माल उतरवण्याच्या वेळा बांधा. पुरवठादाराचा टेम्पो दुपारी एकला, चारला, संध्याकाळी सातला कधीही आला तर दोन माणसं दिवसभर त्याच्यामागे अडकतात. सकाळी आठ ते अकरा एवढीच वेळ ठेवा आणि ती सर्व वितरकांना लेखी कळवा. पहिले तीन आठवडे काही टेम्पो परत जातील, एखादा वितरक रागावेलही. चौथ्या आठवड्यापासून ते सकाळी येतात. मोजणी चलनावर सही करण्याआधी, दोघांनी, बॉक्स उघडून करायची.

हजेरीचं वेळापत्रक दोन आठवडे आधी भिंतीवर लागलं पाहिजे. उद्या सुट्टी आहे की नाही हे आज रात्री दहाला व्हॉट्सअ‍ॅपवर कळणं, हे नोकरी सोडण्याचं पगाराइतकंच मोठं कारण असतं, विशेषतः लहान मुलं असलेल्या बायकांसाठी. गर्दी सायंकाळी सहा ते नऊ आणि रविवारी सकाळी असते. सगळ्यांना सकाळी नऊला बोलावून रात्री नऊपर्यंत ठेवण्याऐवजी एक तुकडी आठ ते पाच आणि दुसरी बारा ते नऊ ठेवली, तर बारा ते पाच या वेळात दोन्ही तुकड्या हजर असतात. मांडणी भरणं, मोजणी, शिकवणं ही कामं त्याच वेळात करायची. सलग काही तासांच्या कामानंतर अर्ध्या तासाची विश्रांती कायद्यातच आहे. ती कागदावर ठेवू नका. जादा कामाला दुप्पट दर लागतो हेही अनेक दुकानांत सोयीने विसरलं जातं.

प्रत्येक माणसाला दोन कामं यायला हवीत. बिलिंग करणाऱ्या मुलीकडे दुग्धजन्य पदार्थांचा रॅक, गोडाऊनमधल्या मुलाकडे सुट्या मालाचं वजन. रांग वाढली की दुसरा काउंटर लगेच उघडतो, रांग नसली की बिलिंगवरची व्यक्ती रिकामी बसत नाही. त्यासाठी प्रत्येक कामाची एकेक पानाची लेखी पद्धत लागते: कोणत्या क्रमाने, किती वेळात, कुठे नोंद करायची. रोज सकाळी दुकान उघडण्याआधी सर्वाधिक खपाच्या पन्नास वस्तू मांडणीवर आहेत का, हे वीस मिनिटांत पाहून होतं. रॅक ज्याचा, जबाबदारीही त्याची, आणि कोणती वस्तू किती मागवायची यात त्याचं मत घेतलंच पाहिजे. तेवढा अधिकार न देता नुसती जबाबदारी टाकली की तिचं ओझंच वाटतं.

माणसांची संख्या कामाच्या सरासरीला घासून ठेवू नका. २४ जणांत रोज दोघं-तिघं रजेवर, आजारी किंवा गावी असणारच. बरोबर मोजून माणसं ठेवली की त्या दिवशी तपासणी, मोजणी, साफसफाई हीच कामं सुटतात, कारण गिऱ्हाईक समोर उभं असतं आणि मोजणी तोंडाने काही मागत नाही. वर सांगितलेली घट याच सुटलेल्या कामांतून वाढते.

आणि बसायला स्टूल द्या. केरळने २०१८ मध्ये आणि तमिळनाडूने २०२१ मध्ये दुकानांतल्या कर्मचाऱ्यांना बसायची सोय देणं कायद्याने बंधनकारक केलं. केरळात त्यासाठी कापड दुकानांतल्या बायकांना वर्षानुवर्षं आंदोलन करावं लागलं. आपल्याकडे नऊ-नऊ तास उभं राहून पाय सुजलेल्या, स्वच्छतागृहाला जायची परवानगी मागावी लागते म्हणून पाणीच कमी पिणाऱ्या मुली प्रत्येक बाजारपेठेत आहेत. दुकानदारांनी कायद्याची वाट का पाहावी? एका स्टुलाला हजाराच्या आसपास खर्च येतो.

पगार वाढवताना सगळ्यांना सरसकट सारखी वाढ देऊन थांबू नका, पायऱ्या करा. आपल्या उदाहरणात नऊ जण १६ हजारांवर, नऊ जण साडेसतरावर, चौघं १९ हजारांवर आणि दोघं विभागप्रमुख २१ हजार २५० वर ठेवले, तर बेरीज ४ लाख २० हजार होते, म्हणजे सरासरी बरोबर साडेसतरा हजार. पहिल्या पायरीवरून दुसरीवर सहा महिन्यांनी आणि ठरलेली दोन कामं नीट येतात हे पाहून न्यायचं. निकष आधी लिहून भिंतीवर लावायचे. मालकाची मर्जी हा निकष असला की पगारवाढीचा उपयोग संपतो, कारण मग माणसं कामाऐवजी मर्जी सांभाळतात. इथे एक बारीक गोष्ट अनेकांच्या लक्षात येत नाही. ईएसआयची पगार मर्यादा २१ हजारांची आहे. विभागप्रमुख ती ओलांडतो तेव्हा चालू अंशदान कालावधी संपला की, म्हणजे सप्टेंबर किंवा मार्चअखेर, तो त्या वैद्यकीय संरक्षणातून बाहेर पडतो. मर्यादेपेक्षा अडीचशे रुपये जास्त मिळाले आणि घरात आजारपण आलं तर दवाखान्याचं बिल पूर्ण खिशातून, असं व्हायला नको. त्या दोघांसाठी कुटुंबासह गटविमा आधी घ्या, मग बढतीचं पत्र द्या.

दर महिन्याला पगार सात तारखेच्या आत, बँकेत, पावतीसह. पहिल्या महिन्याचा पगार 'डिपॉझिट' म्हणून अडकवून ठेवायची पद्धत अजूनही दिसते. माणूस बांधून राहावा म्हणून ती काढलेली असते, पण तिने फक्त अडलेली माणसं मिळतात. ज्याला दुसरीकडे काम मिळू शकतं तो येतच नाही. तसंच तूट आली की सगळ्यांच्या पगारातून वाटून कापणं. बरणी फुटली, बिल चुकलं, तारीख उलटली, की माणूस ते लपवतो. मग मालकाला घट कळते ती वर्षअखेरच्या मोजणीत, कारण न कळता. नुकसानीबद्दल कपात करायची तर त्या व्यक्तीचा निष्काळजीपणा दिसला पाहिजे आणि तिला आपली बाजू मांडू दिली पाहिजे, असं वेतनाचा कायदाही सांगतो. सरसकट कपात यात कुठेच बसत नाही.

साड्यांच्या आणि कपड्यांच्या दुकानांचं गणित थोडं निराळं आहे. तिथे मार्जिन जास्त, वस्तू महाग आणि विक्री बोलण्यावर अवलंबून. इथे मालकांचा आवडता उपाय म्हणजे प्रत्येकाच्या विक्रीवर कमिशन. मूळ पगार कमी ठेवून वैयक्तिक कमिशन दिलं की काय होतं, ते कुठल्याही मोठ्या पेढीत तासभर बसून पाहता येतं. दारातच गिऱ्हाईक अडवलं जातं, दहा हजारांची साडी पाहणाऱ्या कुटुंबाभोवती तिघं उभे राहतात आणि ब्लाऊज पीस मागणाऱ्या बाईकडे कोणी पाहत नाही. उघडलेल्या चाळीस साड्यांच्या घड्या घालायला हात लागत नाहीत, कारण घडीला कमिशन नाही. नको असलेली साडी गळ्यात मारली जाते आणि चार दिवसांनी ती परत येते. इथे मूळ पगार चांगला ठेवा आणि बक्षीस पूर्ण विभागाच्या महिन्याच्या विक्रीवर, परत आलेला माल वजा करून, सर्वांना समान वाटा. येवल्याची हातमागावरची पैठणी दोन्ही बाजूंनी सारखी दिसते, मागे धागे लोंबत नाहीत, हे पदर उलटून दाखवणारी आणि यंत्रावरची साडी यंत्रावरची म्हणूनच विकणारी विक्रेती तयार व्हायला दोन-तीन वर्षं लागतात. लग्नाचा बस्ता बांधायला आलेलं कुटुंब तिच्याकडे दुसऱ्या मुलीच्या लग्नालाही येतं. तिला दोन हजारांसाठी शेजारच्या दुकानात जाऊ देणं हा या धंद्यातला सर्वांत महाग पडणारा वाचवलेला पैसा आहे.

तीन-चार माणसांच्या दुकानाला हे सगळं लागू नाही, असं म्हटलं जाईल. वेळापत्रक, स्टूल, वेळेवर पगार, कपात बंद, मालाच्या वेळा आणि वस्तूंची छाटणी या गोष्टींना दुकानाचा आकार आड येत नाही. भविष्य निर्वाह निधी वीस आणि ईएसआय दहा माणसांपासून बंधनकारक आहे, त्यामुळे लहान दुकानातल्या मुलाला यातलं काहीच मिळत नाही. तिथे मालकाने निदान वैद्यकीय विमा काढून दिला, तरी तो मुलगा दोन रस्ते पलीकडच्या मोठ्या स्टोअरमध्ये जायच्या आधी विचार करेल. आणि दहा मिनिटांत घरी माल पोचवणाऱ्या कंपन्यांशी वेगात स्पर्धा करणं लहान दुकानाला जमणार नाही. तांदूळ नवा की जुना, कुठल्या गव्हाची पोळी मऊ होते, हे सांगणारं माणूस मात्र त्या कंपन्यांच्या गोदामातून गिऱ्हाइकाशी बोलायला येत नाही.

दुसरी शंका जास्त खरी आहे. आपण शिकवायचं, पगार वाढवायचा, आणि शेजारचा हजार रुपये जास्त देऊन माणूस उचलून नेणार. असे काही जण जातील. पण जो रॅक सांभाळतो, ज्याला सुट्टी दोन आठवडे आधी कळते, ज्याची पुढची पायरी भिंतीवर लिहिलेली आहे, तो हजारासाठी सहज हलत नाही. जो हजारासाठी हलतो, त्याला बहुतेकदा आपल्याकडे या तिन्हींपैकी काही मिळत नसतं.

व्यापारी संघटनांना एक विनंती आहे. आपापल्या बाजारपेठेतल्या पाच-सहा दुकानांनी वर्षभर चार आकडे दर महिन्याला लिहून ठेवावेत आणि संघटनेने ते नाव न देता एकत्र मांडावेत: किती माणसं सोडून गेली, घट किती, सर्वाधिक खपाच्या पन्नास वस्तूंपैकी सकाळी किती मांडणीवर नव्हत्या, आणि एका कर्मचाऱ्यामागे विक्री किती. आज पगाराच्या चर्चेत प्रत्येक जण अंदाजाने बोलतो, कारण पहिले तीन आकडे बहुतेक दुकानांत लिहिलेच जात नाहीत.

सुरुवात करायची ती दिवाळीच्या तोंडावर नको. त्या वेळी घेतलेला माणूस गर्दीत शिकत नाही, गर्दीत चुकतो. जूनमध्ये शाळांची खरेदी आटोपली की बाजार थोडा शांत होतो. तेव्हा आधी वस्तूंची छाटणी आणि मालाच्या वेळा, जुलैपासून नवं वेळापत्रक आणि पगाराच्या पायऱ्या, श्रावणात दुसऱ्या कामाचं शिक्षण. गणपतीच्या आठवड्यात पहिली कसोटी लागते, तिथे राहिलेल्या चुका दिसतात, आणि त्या दुरुस्त करायला दिवाळीपर्यंत साधारण दोन महिने मिळतात.

आपले,
किरकोळ व्यापारातल्या दुकानांचे हिशेब आणि मनुष्यबळाचं काम पाहणारे काही वाचक, पुणे